पाऊण तासाचे थांबे

नव्या इलेक्ट्रिक गाडीने पुण्याहून हंपीला जायचं ठरलं आणि काल सकाळी मी बाबांना फोनवरच्या नकाशात चार्जिंगच्या जागांचे ठिपके दाखवत बसलो. बाबांनी तीस वर्षं पुणे-हुबळी बस चालवलेली. नकाशावरून त्यांचं बोट भराभर पुढे सरकत होतं, ते कित्तूरला थांबलं.

“इथं किती वेळ लागेल?”

“पाऊण तास तरी. कंटाळाल तुम्ही.”

“कंटाळा? अरे, इथला किल्ला रस्त्यापासून जवळच आहे. इतकी वर्षं नुसती पाटी वाचत गेलो. बस वेळेवर पोचवायची असायची ना!”

त्यांचे डोळे चमकत होते. मी थांब्यांकडे वाया जाणारा वेळ म्हणूनच पाहत होतो. ज्याने आयुष्यभर इतरांना हव्या त्या गावी उतरवलं आणि जो स्वतः स्टिअरिंग धरून बसला, त्याला मात्र त्या ठिपक्यांत उतरायच्या जागा दिसत होत्या. बघता बघता मलाही निघायची घाई झाली.

“निपाणीजवळच्या घाटातही एक थांबा घे,” बाबा म्हणाले.

“तिथे चार्जिंगची गरज नाही, बाबा.”

“गाडीला नसेल. मला आहे.”

मी तिथे खूण केली.