राणी मागं, पाखरू पुढं

आमच्या घरात माझं असं काही नाही. ही तक्रार नाही, नुसती माहिती आहे. मालेगावच्या जरा बाहेर मळ्यातच आमचं घर. नवरा आणि दीर भाजीपाला पिकवतात, जाऊबाई आणि सासूबाई दोन्ही भावांचे संसार एकच असल्यासारखे सांभाळतात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी छत्री भाजीच्या गाडीबरोबर बाजारात जाते आणि कोथिंबिरीचा वास घेऊन परत येते. माझ्या चपला ज्याचा पाय आधी पोचेल त्याच्या. वर्गासाठी आणलेल्या लाल मार्करनं दीर मिरचीच्या पोत्यांवर खुणा करतो आणि वर मलाच म्हणतो, "वहिनी, हा पेन लवकर संपते, दुसऱ्या कंपनीचा आणा."

म्हणून ते नाणं मी मागवलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मोबाइलवर नाणी जमवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी नुसती बघायला शिरले होते. तिथे ते दिसलं. चांदीचं, परदेशी. एका बाजूला तिथल्या राणीचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला फांदीवर बसलेलं एक गाणारं पाखरू, तेही रंगीत! निळं डोकं, हिरवी पाठ, लालभडक छाती, आणि चोच अशी उघडलेली की आत्ता तान घेईल. मला ते हवंच झालं. लहान मुलाला जत्रेत फुगा हवा होतो ना, तितकं साधं हवं होणं.

नाणं आलं ते गोल पारदर्शक डबीत. ग्रुपवर सांगून ठेवलं होतं की डबी उघडायची नाही, उघडलीच तर कडेनं धरायचं, बोट लागलं की नाणं बिघडलं. मी ते सोवळं सासूबाईंच्या वरताण पाळलं. कपाटात साड्यांच्या घडीत डबी ठेवली. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की दार लोटून घ्यायचं, डबी काढायची, पाखरू बघायचं, परत ठेवायचं. एवढंच. पण तेवढा वेळ मी कुणाची वहिनी नसायची, बाई नसायची आणि मॅडमही नसायची. मला फार मजा यायची त्यात.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पत्र्याचे दोन पोकळ कोथळे, त्यांच्या पोटात धान्य आणि लाडू-करंज्या भरायच्या, वर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या आणि घरातले दागिने घालायचे. पोट भरायचं आणि रिकामं करायचं काम फक्त सासूबाईंचं. त्या वेळी देवघराचं दार बंद असतं आणि आत कुणी फिरकत नाही, सासरे असताना तेही फिरकत नसत. आणि घराचा एक नेम आहे. देवीच्या अंगावर जे चढलं ते देवीचं. ते तिच्या पेटीत जातं आणि पुढच्या वर्षीच बाहेर येतं.

महापूजेच्या सकाळी सोळा भाज्यांचं ताट घेऊन मी आत गेले. थोरल्या महालक्ष्मीच्या गळ्यात जुन्या चांदीच्या रुपयांची माळ असते. त्या माळेत मधोमध, देवीच्या छातीवर, माझं पाखरू बसलं होतं. डोक्याशी कडी डागलेली. कडीच्या खालचा निळा रंग जळून काळा झाला होता. पाखरानं माकडटोपी घातल्यासारखं दिसत होतं.

मी ताट खाली ठेवलं.

"आई, हे माझं नाणं आहे."

"तुहंच तं हाय. कोन नाई म्हंते?" सासूबाई निरांजनाच्या वाती वळत होत्या. "माळंतला एक रुपया मागच्या साली पडला कुठंसा. तुह्या साड्याईत चांदीचा सापडला. पाह्यलं तं राणीचं तोंड! माळंत सारे राजे-राण्याच हायेत. म्हटलं, बरोब्बर जोड जमली."

"मग पाखरू का दिसतंय?"

"राणीपेक्षा पाखरू बरं दिसलं. राणी मागं केली."

"आणि कडी?"

"सोनारानं लावली. तो म्हने, मावशी, रंग जयते. म्हटलं, जयू दे जरासा. माळंत लोंबलं पाह्यजे का नाई?"

मी नवऱ्याला बाजूला घेतलं, तर तो म्हणाला, "चोरी थोडी झाली? देवीच्या गळ्यात हाय. घरातच हाय." घरातच आहे हेच तर दुखणं होतं, पण ते त्याला कळायला त्याची चप्पल कुणी तरी घालायला हवी होती, आणि त्याच्या पायाचा नंबर घरात कुणालाच बसत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पुरण वाटायला घेतलं. इतकं मऊ पुरण आमच्याकडे कधी झालं नव्हतं. जाऊबाईंनी कौतुक केलं आणि मला रडू आलं.

दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या. ज्या येत त्या पाखरापाशी थबकत. "माय व, कसं गोड पाखरू!" एकीनं तर बोट लावून रंग पुसतो का ते पाहिलं. सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "सुनेनं आनलं, विलायतेवरून!" आणि मी कुंकू लावत, हसत, मनात एकेकीचं बोट मोजत उभी. सासूबाईंशी मात्र मी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचं, विचारलं तर हो-नाही करायचं, बस.

तिसऱ्या दिवशी निरोपाचा दहीभात झाला, अक्षता टाकून मुखवटे हलवले. मग सासूबाईंनी देवघराच्या दारातून मला हाक मारली.

"ये इकडं. दार लाव."

मी आत गेले. इतक्या वर्षांत त्या वेळी मी पहिल्यांदाच आत होते. त्यांनी थोरलीच्या पोटातून लाडू काढले, करंज्या काढल्या, गहू परातीत ओतले. मग खांद्यापर्यंत हात आत घालून तळातून एक चिंधीची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत काचेची एक गोटी होती. पोटात निळी-पिवळी वेल असलेली, एका बाजूनं जरासा टवका उडालेली.

"हे माहं," सासूबाई म्हणाल्या. "केनवडले, माहेरी, भावाले हरवून जिकली होती. लई रडला थो, तरी देली नाई. लगनात पदराले बांधून आनली. तुह्या सासऱ्याले ठाऊक नोयतं, माह्या लेकाइले ठाऊक नाई."

मी गोटीकडे बघत राहिले. मग त्यांच्याकडे. त्यांनी गोटी उजेडात धरली, एक डोळा मिटून आरपार पाहिलं, आणि चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखीचं होतं. वह्या तपासून झाल्यावर दार लोटलं की माझा चेहरा असाच होत असणार.

"तू बोलत नोयती, तवा समजलं मले," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, रुपयासारखा रुपया. पन थो तसा नोयता."

त्यांनी माळ मांडीवर घेतली, कडीतला दोरा दातांनी सोडला आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. त्यावर हळद होती, कुंकू होतं, गावभरच्या बायकांची बोटं होती.

"आणि देवीला काय सांगायचं?" मी विचारलं.

"थे माह्याकडं लागलं."

मला इतकं भरून आलं की मी चटकन म्हणून गेले, "मग मी पण हे इथंच ठेवते, तुमच्या गोटीजवळ."

सासूबाईंनी पुरचुंडी झटकन ओढून घेतली. "इथं नाई! हे माहं हाय. तू तुही जागा पाह्य. आन् साड्याईत कायले ठेवतं व? साड्याईत तं सारेच पाह्यतेत."

जागा शोधायला मला बराच काळ लागला. एवढ्या मोठ्या घरात सगळ्यांचे हात सगळीकडे पोचतात. पण सापडली एक. पाखरू आता तिथं आहे, जळकी टोपी घालून, डबीबिबी काही नाही. सोवळंही सोडलं मी. आता बोटानं छातीचा लाल रंग चाचपते.

परवा मळ्यात मेथी खुडताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "सापडली का जागा?"

"सापडली."

"कुठं?"

"नाही सांगणार."

त्या मेथीची जुडी हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माझ्यावर इतक्या खूश झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.