सावंतकाकांच्या घराचा पत्ता

"चालतंय ना आपलं नेट? मग हात कशाला लावायचा?" दादा म्हणाले. दादा म्हणजे मोहने गावातल्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीचे मालक. मी कॉलेज सांभाळून तिथे इंटर्नशिप करते.

समोर सावंतकाका बसलेले. ड्युटी वागळे इस्टेटला, काकू घरी अंथरुणाला खिळलेल्या. घरचा कॅमेरा कामावरून मोबाईलवर दिसला नाही, तर काका नोकरी सोडणार होते.

अडचण पत्त्याची होती. इंटरनेटवर घराला आकडी पत्ता लागतो. जुने पत्ते संपत आले, म्हणून आम्ही एकच पत्ता अख्ख्या गल्लीला वाटून देतो. आतून बाहेर जाता येतं; बाहेरून एका घरी यायचं तर वाट सापडत नाही. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही सिक्समध्ये, पत्ते इतके आहेत की विचार करताना मला गुंगी येते. वाटतं, नदीकाठच्या गवताच्या पात्या-पात्याला आपला पत्ता आहे आणि कोणीतरी एकेकाला हळूच हाक मारतंय. आमच्या घरची पत्रं अजून किराणा दुकानाच्या पत्त्यावर येतात, म्हणूनही असेल.

काकांच्या मोबाईलला नवा पत्ता केव्हाच मिळालेला. घर तेवढं मागे राहिलेलं. आमच्याकडेही नवे पत्ते चालू करावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी चाचरत म्हटलं, "दादा, पूर्वी आळीत फोन फक्त तुमच्याकडे होता ना? सगळे तोच नंबर द्यायचे?"

"पीपी नंबर. आई धावायची एकेकाला बोलवायला. शिव्या घालत."

"आपला पत्ता तसाच आहे. फक्त धावणारं कोणी नाही."

"तिची भाकरी करपायची गं," दादा म्हणाले. "कर चालू. नेट पडलं तर लोकांचे फोन तू घ्यायचे."

मी नवे पत्ते चालू केले. नेट पडलं नाही. कॅमेराही दिसला नाही.

कॅमेरे बसवणाऱ्या मनोजला बोलावलं. त्याने कॅमेऱ्याचं सेटिंग उघडलं. "हे सिक्स ना? ते मी सगळीकडे बंदच करून देतो. मागतंय कोण?"

"मी मागतोय, बाबा," काका म्हणाले.

मनोजने मान खाली घालून ते चालू केलं, पासवर्डही बदलून दिला.

दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधून काकांचा फोन. "दिसतेय. झोपलीय. पदर हलतोय वाऱ्याने." त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

काका अजून कामावर जातात. आणि मी कुठेही गेले की आधी बघते, ते सिक्स कोणी बंद करून ठेवलंय का. बहुतेक वेळा ठेवलेलं असतं.