सोयरीक ठेवायची की मोडायची: बैहर घाटातली एक पायपीट

माझ्याकडे गाडी नाही आणि घ्यायचा विचारही नाही, हे या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. बसने जाता येईल, पायी हिंडता येईल आणि संध्याकाळी घरी परतता येईल, अशाच जागांबद्दल मी लिहिते. नागपूरच्या काही मैत्रिणींनी विचारलं होतं, बालाघाटकडे सफारीची जिप्सी न करता जंगल बघता येतं का? येतं. पण ही सहल मी जंगल बघायला केली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सुमेधशी ठरलेलं लग्न करायचं की मोडायचं, ते ठरवायला आम्ही दोघं गेलो होतो.

सुमेध बालाघाटचा, सरकारी कचेरीत आहे. मी वारासिवनीची, शाळेत शिकवते. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हींची मुळं भंडाऱ्याकडची. पत्रिका बघत नाही याचा आमच्या घरी भारी अभिमान. शिक्षण बघितलं, नोकरी बघितली, मुलगा तंबाखूचा खर्रा खातो का याचीही गुपचूप चौकशी झाली. रक्त तेवढं कोणी बघितलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, पायलला, जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आमच्याकडे एक समजूत घट्ट बसलेली: घरात एकाला निघाला की बाकीचे सुटले. मी धडधाकट, डोंगर चढणारी; माझं रक्त तपासावं हे कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. साखरपुडा झाला, मग सुमेधच्या कचेरीत तपासणीचं शिबिर लागलं, त्याने हौसेने मलाही बोलावलं आणि आम्ही दोघंही वाहक निघालो. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक शक्यता, की ते पायलसारखं जन्मेल. मोठ्यांनी हात वर केले. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाले.

तर जानेवारीतला रविवार, आभाळ भरून आलेलं. वारासिवनीहून बालाघाटला सकाळी भरपूर बस आहेत. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं होतं की पाणी दिसलंच नाही. मध्य प्रदेशात एसटी नाही, सगळा कारभार खासगी बसचा. भरली की सुटते, त्यामुळे वेळापत्रक कोणाला विचारू नका, कंडक्टरची हाक ऐका. सुमेध स्टँडवर पोह्यांच्या दोन प्लेटी घेऊन उभा होता. पोहे गरम, वरून तर्री, शेजारी जिलबी. जिलबी दोघांनीही खाल्ली नाही. ज्यांना भूक असेल त्यांनी जरूर खावी, चांगली असते.

बैहरच्या बसमध्ये डाव्या बाजूला बसा. गांगुलपाराचं तळं तिकडून दिसतं, निदान आम्हाला दिसलं. तिथे उतरून पाण्याच्या कडेने हिंडता येतं, लेकरं सोबत असतील तर तेवढंच पुरे. पुढे घाट लागतो. बांबूची बेटं अगदी खिडकीशी येतात आणि बस पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर चढते. समोरच्या बाईच्या मांडीवर एक गुबगुबीत बाळ होतं, ते सुमेधचं बोट सोडेना. सुमेधने बोट काढून घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

घाट संपता संपता एक वळण आहे, तिथे कंडक्टरला सांगून उतरायचं. लाकूडफाटा आणणाऱ्यांनी पाडलेली पायवाट तिथून डावीकडे वर जाते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या आत पायी फिरू देत नाहीत. ही वाट बाहेरच्या साध्या जंगलातली, तरी वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या आणि एकटे जाऊ नका. मोबाईलला रेंज नाही, वर पाणी नाही. साधारण तासाभराची चढण. सागाची वाळलेली पानं पायाखाली इतकी कडाकडा वाजतात की बोलायचं म्हटलं तर थांबावं लागतं. आम्ही थांबत नव्हतो.

वर मोठा सपाट कातळ आहे. स्वच्छ दिवशी तिथून म्हणे पार लांबचं दिसतं. आम्हाला समोरच्या दोन टेकड्या आणि त्यांच्यावर बसलेले ढग दिसले. मी डबा उघडला. पोळ्या आणि लाखोरीच्या डाळीचे वडे आईने दिले होते. सुमेधने वडा हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"मी नागपूरच्या डॉक्टरले विचारलं," तो म्हणाला. "लग्न करता येते. दिवस राह्यले की तिसऱ्या महिन्यात तपासनी होते."

"आन मंग?"

"मंग काय. चांगलं निघालं तं ठीकच."

"आन नाई निघालं तं?"

त्याने वडा या हातातून त्या हातात घेतला. "तं नाई ठेवायचं," म्हणाला. "उगाच त्या लेकरानं काहून भोगावं? तूच सांग. तू तं पाह्यलं आहेस."

पाहिलं आहे. थंडी पडली, पाणी कमी प्यालं, ताप आला की पायलचे हातपाय असे दुखतात की तिला पांघरुणाचाही स्पर्श सहन होत नाही. तिने दातांवर दात आवळल्याचा आवाजही मी ऐकला आहे. सुमेधचं काही चुकत नव्हतं. तो दुष्ट नाही, उलट पायलला औषधं आणून देणारा, तिला हसवणारा माणूस. पण तो "नाई ठेवायचं" म्हणाला आणि माझ्या डोळ्यांपुढे कुठलंही बाळ आलं नाही, पायल आली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचून नंतर चार दिवस झोपून काढणारी, माझे ड्रेस न विचारता घालणारी पायल. आणि तिला नको म्हणणारा माणूस माझ्या शेजारी वडा धरून बसला होता. मला त्याचा खूप राग आला.

"लेकरूच नको होऊ देऊ," मी म्हटलं. "नाही तर दत्तक घेऊ."

"मले चालन. आई जगू देईन का पन तुले?" त्याच्या आईला मी ओळखते. नसतं जगू दिलं.

उतरताना अर्ध्या वाटेत दगडांचा एक ढीग लागतो. चढताना मी तो नुसताच ढीग समजले होते. त्याच्याजवळ एक म्हातारी मोळी उतरवून दम खात बसली होती. आम्हाला बघून तिने ओळखीचं असल्यासारखं हसून विचारलं, कुठून आलात. मग म्हणाली, इथून जाणारा प्रत्येक जण देवाला एक दगड ठेवून जातो, तुम्हीही ठेवा.

"अकेले हो तो अपना-अपना," ती म्हणाली. "जोड़ी से हो तो दोनों जन हाथ लगा के एकै पथरा."

आमचं घर देव मानत नाही. पण म्हातारी वाट बघत होती. सुमेधने वाकून एक बरासा दगड उचलला, दोन्ही हातांवर धरला आणि माझ्यापुढे केला. मी हात लावायचा, एवढंच बाकी होतं.

मला हात लावता आला नाही. मी खाली वाकले, हाताला आला तो दगड उचलला आणि ठेवून दिला. सुमेध तसाच उभा राहिला. मग त्याने त्याचा ठेवला, ढिगाच्या दुसऱ्या बाजूला. म्हातारीने आमच्याकडे बघायचं सोडून मोळीची दोरी आवळायला घेतली. मी तिला ती डोक्यावर चढवू लागले, फार जड होती.

दुपार कलल्यावर परतीच्या बस कमी होतात, वळणावर लवकर येऊन थांबा. आम्हाला आली ती खच्चून भरलेली. मला पुढे जागा मिळाली, तो मागे लटकत राहिला. बालाघाटला उतरल्यावर म्हणाला, "घरी मी सांगतो. तू कोनाचं ऐकून घेऊ नको." असा माणूस. वारासिवनीच्या बसमध्ये मी भरपूर रडले. शेजारच्या काकूंनी न बोलता खिडकीची जागा दिली.

घरी पायल शेकायची पिशवी घेऊन पलंगावर बसली होती, आई शेजारी गेलेली. "काय ठरलं?" तिने विचारलं.

"नाही करत."

"माह्यामुळे?"

"येडी आहेस का तू?"

"सांग ना. त्यानं काय म्हटलं?"

तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. तपासणीचं सांगितलं, पुढचं अर्धं गिळलं. पण तिला सगळं कळलं. ती पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवत राहिली.

"ताई, डॉक्टर बोलले, आई बोलली, तुम्ही दोघं पहाडावर जाऊन बोलले," ती म्हणाली. "मले कोनी विचारलं नाई."

"काय विचारायचं?"

"असं लेकरू येऊ द्यायचं का म्हनून. मीच तं सांगू शकते ना? बाकी कोनाले काय मालूम?"

मी विचारलं. मला वाटलं, ती वेळ घेईल. तिने घेतला नाही.

"दुखते. लय दुखते," पायल म्हणाली. "पन मी तं म्हनली असती, येऊ द्या."

सोयरीक रीतसर मोडली, अंगठ्या परत गेल्या, दोन्ही घरं आता एकमेकांना टाळतात. वाट चांगली आहे, तुम्ही जरूर जा, हिवाळ्यातच जा. मी मात्र अजून त्या कातळावरच अडकले आहे. सुमेध "नको" म्हणाला म्हणून मी त्याच्यावर चिडले, त्याच्या दगडाला हात लावला नाही. पण मी काय म्हटलं होतं? लेकरूच नको, दत्तक घेऊ. "येऊ द्या" मीही म्हटलं नव्हतं. पायलने मला ते अजून विचारलेलं नाही, आणि विचारलं तर काय सांगू, मला माहीत नाही.