तीन कोरडी बोटं

"दिसतंय तिथं गळत न्हाई, आन गळतंय तिथं दिसत न्हाई."

दारात चपला काढता काढता अप्पा हे म्हणायचे. वॉशिंग मशीन अजून त्यांनी पाहिलेलीही नसायची. त्याआधी ते दार उघडणाऱ्याचे पाय बघत. बाई असेल तर साडीचा काठ, पुरुष असेल तर पँटची खालची कड. आमच्या लातूरच्या बोअरचं पाणी असं, की कपड्यावर वाळलं की मागे क्षाराची पांढरी रेघ राहते. त्या रेघेकडे बघून अप्पा सांगायचे, "दोन आठवडे झाले गळायली. आज सवड झाली व्हय?"

पहिल्यांदा मला याचा रागच आला होता. कोण कुठला मेकॅनिक, दारात उभं राहून साडीचा काठ न्याहाळतो आणि वर आपल्यालाच बोलतो. पण मनातल्या मनात दिवस मोजले तर बरोबर दोन आठवडे झाले होते. मी मुकाट्याने न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

अकरा वर्षं अप्पा आमच्याकडे येत होते, पण त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. लिंगायत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे अप्पा म्हणतात, तेवढ्यावर काम भागत होतं. माझ्या फोनमध्ये ते 'अप्पा मशीन' आहेत. आहेत म्हणते, कारण ते जाऊन वर्ष होत आलं तरी तो नंबर मी अजून काढलेला नाही.

तर त्या पहिल्या दिवशी पाणी मशीनच्या पुढे साचत होतं. म्हणून मी शाळेत मुलांना सांगते त्याच ठसक्यात अप्पांना सांगितलं, की दाराचं रबर गेलंय, तेवढं बदलून द्या. त्यांनी फरशीवर थोडंसं पाणी टाकलं आणि ते कुठे जातं ते बघत बसले.

"बाई, तुमची फरशी पुढं उताराला हाय. पाणी मागं गळायलंय आन पुढं येऊन बसायलंय."

तुम्ही म्हणाल, गळती शोधायला असं काय लागतं, ओलं दिसतंच की. तसं नसतं. मशीन मागून उघडली की सगळंच ओलं असतं. थेंब एका ठिकाणी सुटतो, पाइपाच्या पोटावरून घरंगळत जातो आणि भलतीकडेच पडतो. अप्पा आधी सगळं जुन्या कापडाने पुसून कोरडं करायचे. मग मशीनमध्ये पाणी भरायचं, प्लग काढून स्वतःच्या मांडीवर ठेवायचा, आणि खांद्यावरच्या पंच्याला हात पुसून ते थोडा वेळ हवेत धरायचे. हात पुरते कोरडे झाले की तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं जोडून पाइपावरून खालून वर न्यायची, अगदी हलकी. जिथे बोटं थांबली तिथे गळती.

"हितं," ते म्हणायचे. बॅटरीचा उजेड त्यांनी कधी घेतला नाही. "डोळा फसतो, बाई. चमकलं की त्याला ओलंच वाटतं. बोट फसत न्हाई."

रोज सकाळी त्याच तीन बोटांनी ते कपाळावर विभूती लावत असणार. त्या तीन आडव्या रेघा इतक्या सरळ असायच्या, की माझ्या वर्गातल्या मुलांना पट्टी घेऊनही तशा जमल्या नसत्या.

काम झालं की निदान ठरलेलं. "सहा महिने काढंल." रबर नवं असो, पाइप नवा असो, कोणालाच सहा महिन्यांच्या वर मिळत नसत. शेजारच्या माळी वहिनींनी नवी कोरी मशीन घेतली. नारळ फोडला, मशीनला कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पाइप जोडायला अप्पांना बोलावलं. पेढा पुढे करत त्यांनी हौसेने विचारलं, "आता दहा वर्षं तरी बघायला नको ना?"

अप्पा पेढा खाऊन म्हणाले, "मशीन नवी हाय, वहिनी. पाणी जुनंच हाय. सहा महिने काढंल."

त्या दिवशी त्यांना माळींकडे चहा मिळाला नाही, तो आमच्याकडे प्यायले. मी म्हटलं, अप्पा, चांगल्या दिवशी तरी गोड बोलावं माणसाने. तर म्हणाले, "गोड बोलून रबर टिकतंय व्हय? क्षार खातोय. स्टीलला सोडत न्हाई, तर रबराचं काय घेऊन बसलाव."

ज्या उन्हाळ्यात गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात कोणाची मशीन चालणार? भाजीबाजारात अप्पा भेटले. काम कसं आहे विचारलं तर म्हणाले, "पाणीच न्हाई तर गळंल काय?" आणि हसले. हसू काही बरं नव्हतं. हाताला काम नसलेले अप्पा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बोलता बोलता ते भाजीवाल्याच्या तराजूची साखळी चाचपत होते.

पुढे पाणी आलं, मशीनही सुरू झाल्या. वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात अप्पा आले तेव्हा कपाळावरच्या रेघा विस्कटलेल्या होत्या. मधली अर्ध्यात संपली होती आणि खालची भुवईत शिरली होती. मी सहज चिडवलं, "अप्पा, आज रेघा वाकड्या?"

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग बोटांकडे बघितलं. "आरसा फुटलाय," म्हणाले.

पुढच्या खेपेलाही रेघा तशाच, आणि त्याच्या पुढच्याही. चार महिने घरात आरसा आणत नाहीत, असं कसं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. रोज चाळीस पोरांचे चेहरे वाचणारी बाई मी.

कळलं ते असं. आमच्या मशीनचा पाणी बाहेर नेणारा पाइप झिरपत होता. अप्पांनी नेहमीसारखे हात पुसले, हवेत धरले, तीन बोटं खालून वर नेली. "कोरडं हाय," म्हणाले. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या मधल्या बोटाच्या टोकाला पाण्याचा थेंब जमला होता. तो तळहातावर आला, मनगटावर आला आणि बाहीत शिरला. "हितं बी कोरडं हाय," अप्पा म्हणाले. दुसरा थेंब त्यांच्या मांडीवर पडला तेव्हा त्यांनी खाली बघितलं. मग आपल्या हाताकडे बघितलं, बराच वेळ.

"शुगर," ते म्हणाले.

मी खाली पाटावर बसले. ते पाइपाकडे बघतच बोलत होते. "आधी पाय गेले. चप्पल रस्त्यात निसटून ऱ्हायली आन मी तसाच घरी आलो. कळलंच न्हाई. आता बोटं. नांदेडला जाऊन दाखवलं. मोठा डॉक्टर हाय. म्हणला, हाय ते सांभाळा, गेलेलं परत येत न्हाई."

"काहीच इलाज नाही?"

"न्हाई." रबर गेलंय हे ते ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितलं. मग म्हणाले, "गल्लीत बोलू नका, बाई. बोटं गेली म्हणलं तर कोण बोलवंल? आन घरी बसून मी काय करू? मला दुसरं काय येतंय?"

मी शब्द दिला. शिवाय दोन उपाय सुचवले, शिक्षकांना ती खोडच असते. बॅटरी घ्या. खाली पेपर अंथरा. त्यांनी ते मनावर घेऊन करून पाहिलंही. "पेपर खाली ओला होतोय, बाई. वर कुठं गळायलंय ते काय सांगत न्हाई."

शेवटी त्यांनी स्वतःच एक तोड काढली. पाइप पुसायचा, पाणी भरायचं आणि घरातल्या बाईला म्हणायचं, "जरा बोट लावा. शिकून घ्या, मी काय जलमभर पुरतोय?" कॉलनीतल्या बायका मशीनमागे बसून पाइप चाचपू लागल्या. माळी वहिनी मला म्हणाल्या, "अप्पा आता शिकवणी घ्यायलेत." त्या हसल्या आणि मीही हसले. खरं काय ते कॉलनीत मला एकटीलाच माहीत होतं, तरी हसले. ते हसू मला अजून टोचतं.

पण या तोडीत एक चूक होती, आणि ती अप्पांच्या लक्षात आली नाही. बायकांची बोटं कोरडी कधी असतात? भांडी, धुणं, कणीक, फरशी. दिवसभर पाण्यात असलेल्या बोटाला ओलं काय आणि कोरडं काय. माळी वहिनी भांडी घासता घासता उठून आल्या, पदराला हात पुसल्यासारखे केले आणि पाइपाला बोट लावून म्हणाल्या, "कोरडं आहे." अप्पांनी त्यांच्या बोटावर भरवसा ठेवला आणि मशीनचं मागचं झाकण लावून टाकलं. दुपारपर्यंत पाणी आतल्या खोलीत गेलं, गाद्या भिजल्या.

वहिनींना स्वतःच्या बोटाचा संशय आला नाही. "म्हातारा झाला हो, त्याला आता दिसत नाही," हे त्यांनी गल्लीभर सांगितलं. खरं तर ती चूक वहिनींच्या बोटाची होती आणि ते मी सांगू शकत होते. पण मग अप्पांच्या बोटांचंही सांगावं लागलं असतं, आणि मी शब्द दिला होता. मी गप्प बसले. शब्द पाळला गेला आणि ज्यासाठी तो दिला होता ते मात्र वाचलं नाही. महिन्याभरात कॉलनीत दुसरा मेकॅनिक येऊ लागला, बॅटरी डोक्याला बांधून.

त्यानंतर एका रविवारी अप्पा न बोलावताच आले. हातात हत्यारांची पिशवी. "तुमची मशीन बघायची ऱ्हायली," म्हणाले. काही राहिलं नव्हतं. पण चपला काढता काढता त्यांनी माझ्या साडीचा काठ बघितला. तिथे बारीकशी पांढरी रेघ होती, मलाही माहीत नसलेली. अप्पांचा चेहरा एकदम उजळला. "गळायलीच की," ते म्हणाले. मशीन गळतेय म्हणून एखाद्याला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

अडीच तास काम चाललं. पाइपाची क्लिप तीनदा त्यांच्या हातातून पडली, तीनदा मी उचलून दिली. स्क्रू बसला का, हे ते बोटाने न बघता मान वाकडी करून डोळ्याने बघत होते. अखेर पाणी भरलं. प्लग त्यांनी मांडीवर ठेवला आणि खांद्यावरचा पंचा काढून माझ्यापुढे धरला.

"हात पुसा, बाई. नीट. आता हवेत धरा. हां. तीन बोटं जोडा. खालून वर, दाबायचं न्हाई."

मी तसंच केलं. माझी बोटं खरोखर कोरडी होती. क्लिपजवळ आली आणि थांबली. जास्त नव्हतं, पण ओलं होतं. ती क्लिप त्यांच्याकडून आता याहून घट्ट बसणार नव्हती.

"कोरडं हाय?" अप्पांनी विचारलं. ते पाइपाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कोरडं आहे, अप्पा."

त्यांनी हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. "सहा महिने काढंल," म्हणाले. चहा प्यायले, एक कप आणखी मागून घेतला. ते कोपऱ्यावरून वळल्यावर मी मशीनखाली घमेलं सरकवलं. चुकलेल्या गणितावर मी कधी बरोबरची खूण केलेली नाही. ती एकदाच केली. ते अप्पांचं शेवटचं काम ठरलं.

पुढे त्यांच्या एका पायाची दोन बोटं काढावी लागली आणि अप्पा आणि त्यांची बायको, जिला मी अक्का म्हणते, दोघं लेकीकडे शिरूर अनंतपाळला राहायला गेली. चार-पाच महिन्यांनी परीक्षेच्या कामासाठी मला तिथल्या शाळेत जावं लागलं. काम आटोपल्यावर पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले.

अप्पा ओट्यावर बसले होते. पायाला पट्टी होती, अंगाने निम्मे झाले होते. पण कपाळावरच्या तिन्ही रेघा सरळ होत्या, पूर्वीसारख्या. माझी नजर तिथे गेलेली अक्कांनी पाहिली. "आता मीच वढते," त्या म्हणाल्या. अप्पांनी दोन्ही हात पंच्याखाली घेतले.

अक्कांनी चहा आणला. अप्पांच्या कपाला आधी त्यांनी आपलं बोट लावून पाहिलं, थोडं थांबल्या, मग तो त्यांच्या हातात दिला. मी ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. शाळेच्या गप्पा झाल्या, पाण्याच्या झाल्या. नळाला किती दिवसांनी येतंय, हे अप्पांनी दोनदा विचारलं.

"आन मशीन?"

"चालू आहे."

"गळती?"

"कोरडी आहे, अप्पा."

सवयीने त्यांची नजर खाली गेली. सकाळी निघण्याच्या घाईत मी त्या रविवारचीच साडी नेसले होते. काठावर पांढरी रेघ होती, चांगली चार बोटं रुंद. पाय मागे घ्यायला जागा नव्हती. अप्पा त्या रेघेकडे बघत राहिले. किती आठवडे झाले ते आता सांगतील म्हणून मी वाट बघत होते. अक्कांनी मधेच येऊन त्यांच्या हातातला रिकामा कप काढून नेला. त्यांना ते कळलं नाही. बोटं कप धरल्यासारखी तशीच राहिली होती.

"लई वर्षं काढंल, बाई," अप्पा म्हणाले.

अकरा वर्षांत त्यांनी कोणालाच सहा महिन्यांच्या वर दिलं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.