साडूंनी न खाल्लेलं पापलेट

अरबी समुद्रातल्या पापलेटावर आजवर ज्यांनी ज्यांनी प्रेम केलं, त्यांनी ते तळून, भरून किंवा रश्शात घालून केलं. एकदाही जिभेला न लावता जन्मभर पापलेटावर जीव टाकणारा माणूस एकच झाला, आणि तो समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही अशा अमरावतीला राहतो. हा माणूस माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराणं भिक्षुकांचं. चातुर्मासात ज्या घरात कांदा-लसूण दाराबाहेर थांबतो, त्या घरातला हा मुलगा कॉलेजच्या सहलीला कोकणात गेला, होडीत बसल्या बसल्या ओकला, आणि परत आल्यावर वडिलांना म्हणाला की मी माशांचा अभ्यास करणार. वडिलांनी अडवलं नाही, पण गल्लीत सांगताना "पोरगा सरकारात पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच सांगितलं. परिणाम असा की साडू सुट्टीवर आले की नळाला पाणी येत नाही म्हणून अर्धी गल्ली दारात उभी राहायची. साडूंनी कधी खुलासा केला नाही. ते तक्रार ऐकून घेत, कचेरीत जाऊन तासभर भांडत आणि बऱ्याचदा पाणी आणूनही देत. आजही त्या गल्लीतले म्हातारे त्यांना नळवाले साहेबच समजतात.

साडूंची नोकरी समुद्रातले मासे मोजण्याची. न दिसणारी गोष्ट मोजायची सवय लागलेला माणूस दिसणाऱ्या गोष्टींना कसा सोडणार? कुठलीही वस्तू समोर आली की ती मुळात किती होती, आता किती उरली, आणि वर्षाला नवीन किती जन्माला येते, हे तीन प्रश्न ते विचारतात आणि मग किती घ्यायची याची मर्यादा ठरवून मोकळे होतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला ते आधी आत किती शिल्लक आहे ते विचारतात, मग मागच्या पंगतीकडे मान वळवून बघतात, आणि शेजारच्या पानावरून वाढप्याचा हात परत फिरवतात. ते शेजारचं पान बहुतेक वेळा माझं असतं. मी अकोल्यात वकिली करतो आणि खाण्याच्या बाबतीत कुणाचा स्थगिती-आदेश मानत नाही, त्यामुळे आमची पंगतीतच जुंपलेली सगळ्या नातेवाइकांनी पाहिली आहे. एकदा आमच्या घरी त्यांनी कैरीच्या लोणच्याच्या बरणीची वार्षिक मर्यादा ठरवून दिली. माझी बायको वैतागून म्हणाली, "भाऊजी, लोणच्याले काही पिल्लं होत नाहीत." साडू शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तं जपून खा म्हणून राहिलो." फक्त स्वतःच्या बोलण्याला त्यांनी कधी मर्यादा घातली नाही. बडनेऱ्याला मला घ्यायला आले की स्टेशनपासून घरापर्यंत पापलेटाचं वय कसं ओळखायचं हे मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की, वेळ आली तर कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देईन.

पण ज्या मर्यादेमुळे ते खरे गाजले, ती समुद्रातली. कोकणातल्या एका बंदरातलं पापलेट संपत आलं होतं. ताटात मावायचं नाही असं पापलेट ज्या बंदरातून यायचं, तिथं जाळ्यात तळहाताएवढी पिल्लं येऊ लागली, आणि तीही लोक आणत, कारण मोठं उरलंच नव्हतं. मच्छीमारांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी मिळून एक समिती केली. साडू नुकतेच निवृत्त होऊन अमरावतीला आले होते. त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. वर्षाला जेवढं पापलेट नव्याने वाढतं, त्याहून कमी धरायचं. बंदरातल्या सगळ्या होड्यांनी मिळून वर्षाचा एक आकडा ठरवायचा, तो भरला की पापलेटाची जाळी किनाऱ्यावर, आणि उरलेल्या माशांना अंडी घालायला सोडून द्यायचं. हे ऐकून सभेत जो गलका झाला, त्याचं वर्णन साडू आजही अभिमानाने करतात. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनबाई, स्वतःच्या होड्या असलेल्या, अंगाने धिप्पाड आणि आवाजाने त्याहून धिप्पाड, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, तुमचं काय जातंय? तुमी तर म्हावरा खातच नाय."

साडू गप्प झाले. ही घटना इतकी दुर्मीळ की समितीतले सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मग ते उठले आणि म्हणाले, "बाई, तुमी बराबर बोलल्या. तं मी बी काही सोडतो. आमच्या अमरावतीले गिला वडा भेटते. तुमचं पापलेट जोवर परत येत नाही तोवर मी वर्षाले एकच प्लेट खाईन." सभेतल्या कुणालाच गिला वडा ठाऊक नव्हता. तेव्हा साडूंनी तो सांगितला. वडा कसा भिजून लुसलुशीत होतो, वर गार दही कसं पसरतं, त्यात चिंचेची चटणी कशी शिरते आणि शेवटी तिखट कसं डोळ्यांत पाणी आणतं, हे सांगता सांगता त्यांचाच आवाज घोगरा झाला. ज्या सभेला आकडे पटले नव्हते, तिला हा माणूस खरंच काहीतरी सोडतोय एवढं मात्र पटलं. चेअरमनबाई म्हणाल्या, "बगू मग किती दिस टिकता ते," आणि खाली बसल्या. मर्यादा मंजूर झाली.

त्याआधी साडू संध्याकाळ झाली की हमखास गिल्या वड्याच्या गाडीवर सापडायचे. आता ते तिथून जाताना चालणं मंद करत, वास घेत आणि पुढे जात. गाडीवाला बिचारा हळवा माणूस. त्याला वाटलं यांना डॉक्टरने बंदी केली आहे, म्हणून तो प्रकृतीची चौकशी करायचा. वर्षातली ती एक प्लेट खायचा दिवस म्हणजे घरात सण असे. मला अकोल्याहून साक्षीदार म्हणून बोलावलं जाई. साडू प्लेट हातात घेऊन बराच वेळ नुसते बघत उभे राहत, आणि मी शेजारी उभा राहून माझ्या तिसऱ्या प्लेटीवर असे. मला लाज वाटत नसे. त्यांनी मला मर्यादा घालायचा प्रयत्न केलाच, पण मी सांगितलं की माझं अधिकारक्षेत्र अकोला आहे.

दरवर्षी आकडा ठरवायची सभा आली की साडू बडनेऱ्याहून गाडी पकडून कोकणात जात, आणि दरवर्षी तिथं त्यांना आकडा वाढवा म्हणून विनवण्या, दमदाटी आणि शिव्या यांतलं जे त्या वर्षी चालू असेल ते ऐकावं लागे. मोठे अधिकारीसुद्धा म्हणत की थोडं वाढवून टाका, लोक नाराज आहेत. साडू म्हणत, "लोक नाराज आहेत हे मले दिसते. पापलेट नाराज आहे हे तुमाले दिसत नाही." फोनवरही शिव्या येत. साडूंना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे त्या शिव्या देवघरापर्यंत जात. ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीबाई, पूजा थांबवून म्हणत, "काहून जी, कोण आहे? जेवायला येणार असतील तर तांदूळ वाढवते."

एका हिवाळ्यात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. बंदरातल्या लोकांचा धीर सुटला. मासा दिसतोय, पण आकडा भरला म्हणून धरायचा नाही, हे त्यांना सोसेना. चेअरमनबाई चार जणांना घेऊन थेट अमरावतीत दाखल झाल्या, हे सांगायला की आम्ही आता मर्यादा पाळणार नाही. त्या दिवशी मी तिथंच होतो. साडूंचा चेहरा उतरला. त्या वर्षी मर्यादा मोडली असती तर नुकतं अंडी घालायला लागलेलं पापलेट जाळ्यात गेलं असतं आणि सगळं मुळापासून संपलं असतं. मला वाटलं, आता दोन तास भाषण होणार. पण साडूंनी सगळ्यांना जेवू घातलं, गाडीत बसवलं आणि चांदूर बाजारकडच्या एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत नेलं. बाग ताणावर होती. आमच्याकडे बहार यायचा तर आधी झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होऊन खाली लोंबतात, जमीन भेगाळते, आणि नवख्या माणसाला वाटतं की बाग गेली. चेअरमनबाईंना ते बघवेना. त्या बागवाल्यावरच ओरडल्या, "अरे, पानी घाला की त्याना. मरतील ती."

बागवाला म्हणाला, "आज पाणी देलं तं नुसता पाला येईल बाई, फूल येत नाही. मले काय झाडाची दया नाही? रोज सकायी येऊन पाह्यतो, जीव तुटते. पण अजून थोडं थांबाच लागते."

साडू एक अक्षर बोलले नाहीत. चेअरमनबाईंनी एक लोंबतं पान हातात घेतलं, बागवाल्याकडे बघितलं, मग साडूंकडे बघितलं. बडनेरा स्टेशनवर उतरताना त्या म्हणाल्या, "एक वरीस अजून. पन तुमचा तो वडा खाल्ला म्हनून कानावर आला ना, तर बगा." गाडी हलल्यावर साडूंनी माझा हात असा दाबला की मला दोन दिवस कोर्टात सही करताना कळा येत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात चेअरमनबाई परत आल्या त्या थर्माकोलचं मोठं खोकं घेऊन. मी तेव्हाही तिथंच होतो, आणि साडू आंघोळीला गेले होते. त्या घरची रीत अशी की पाहुण्यांनी आणलेली वस्तू आधी देवापुढे ठेवायची. कोकणातलं खोकं, त्यात मे महिना. ताईंनी ओळखलं की हापूस आहे. पाहुणे काही बोलायच्या आत त्यांनी खोकं उचलून देवघरात नेलं, हळद-कुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. चेअरमनबाईंच्या आवाजाने बंदर हलतं, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून ब्र निघेना. थोड्या वेळाने खोक्याखालून पाणी वाहू लागलं आणि उदबत्तीचा वास मागे पडला. साडू पंचा नेसून बाहेर आले, त्यांनी नाक वर केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मी ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं. बर्फात भलीमोठी, चांदीसारखी चकचकणारी, गाभोळीने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, फुगलेली पापलेटं होती.

ताई खांबासारख्या उभ्या. साडू अपराधी आवाजात म्हणाले, "देवाचा पहिला अवतार मत्स्याचाच होता ना?"

"तो थर्माकोलात नव्हता आला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी चेअरमनबाईंच्या डोळ्यांत उभं राहिलेलं पाणी पाहिलं आणि त्या निवळल्या. "वाहिलेलं कुंकू काही परत घेता येत नाही. अंगणात नेऊन काय पाह्यचं ते पाहा, आणि नंतर ज्याला लागेल त्याला देऊन टाका." तेव्हा भिक्षुकांच्या त्या अंगणात, तुळशीपासून जरा दूर, साडूंनी फूटपट्टी लावून एकेक पापलेट मोजलं. शेवटचं ठेवल्यावर त्यांनी पहिलं उचलून पुन्हा मोजलं.

अर्थात एका खोक्यावर विश्वास ठेवतील तर ते साडू कसले. ते कोकणात गेले, पुढचा सबंध हंगाम बंदरावर ठाण मांडून बसले, प्रत्येक होडीतलं म्हावरं पाहिलं आणि मगच समितीत उभे राहून म्हणाले की आकडा वाढवा. ज्या सभेने त्यांना वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या ती उठून उभी राहिली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावर बसल्या बसल्या साडू सांगत होते की एवढंच वाढवायचं, जास्त नाही. अमरावतीला परतल्यावर ते घरी न जाता थेट गिल्या वड्याच्या गाडीवर गेले. मी तिथं हजर होतो. त्या संध्याकाळी गाडीवाल्याने इतर गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवलं.

यंदाची गोष्ट. माझी अमरावतीला तारीख होती, म्हणून त्यांच्याकडे जेवायला गेलो. साडूंची बॅग भरून दारात होती. दुसऱ्या दिवशी सभेला निघायचं होतं. आकडा त्यांनी काढून ठेवला होता आणि जेवताना मला तो तीनदा समजावला. तेवढ्यात चेअरमनबाईंचा फोन आला. नेहमीसारखा आवाज मोठा होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सायेब, या वर्साला तुमी तरास नका घेव. आमी बसलो सगली आनि ठरवला." मग त्यांनी ठरवलेला आकडा सांगितला. तो साडूंच्या आकड्यापेक्षा कमी होता.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी साडूंना आकडा वाढवा म्हणून गयावया करताना ऐकलं. "अहो बाई, इतकं कमी काहून? थोडं अजून धरा. समुद्रात भरपूर आहे आता. मी सांगून राहिलो ना."

"नाय सायेब," त्या म्हणाल्या. "असू दे त्यात. आमच्या नातवंडांना पन बगू दे." त्यांनी ताईंची विचारपूस केली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, हा माणूस आता उठून नाचेल. साडू हात धुऊन आले, बॅगेशी बसले आणि घड्या घातलेले सदरे एकेक करून बाहेर काढू लागले. शेवटचा सदरा मांडीवर घेऊन म्हणाले, "साडभाऊ, जिंकलो ना आपण?"

"जिंकलात," मी म्हणालो. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना तिथंच सांगितलाही.

"मंग आता मले कोनी बोलावणार नाही," ते म्हणाले, आणि हसले.

ताईंनी सदरे उचलून कपाटात ठेवले. त्या दिवशी अकोल्याची गाडी मी जाऊ दिली आणि पापलेटाचं वय कसं ओळखायचं ते त्यांना पुन्हा एकदा पहिल्यापासून विचारलं.