मावशीच्या डाव्या हाताला

गल्लीत त्याला भूकंप म्हणत, आणि हे नाव त्याने स्वकष्टाने कमावलं होतं. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा त्याचा धंदा. त्याच्या दुकानातून निघालेली गाडी कोपऱ्यावर वळली की औषधांच्या दुकानातल्या बाटल्या किणकिणायच्या, आणि समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरायचा. आवाज छातीत बसला पाहिजे, असं भूकंपाचं म्हणणं. कानात बसला नाही तरी चालेल. शेजारी आधी भांडले, मग विनवण्या करून पाहिल्या, शेवटी त्यांनी हात टेकले.

असा हा माणूस स्वतः मात्र एकच गाणं ऐकायचा, आणि तेही बारीक आवाजात. त्याच्या आईने आणि मावशीने लग्नाआधी, ऐन तारुण्यात, एका स्टुडिओत जाऊन गायलेलं. नदीवर निघालेल्या दोन बहिणींचं साधं गाणं. आई गेली तेव्हा तो धड बोलतही नव्हता. मावशीने त्याला उचललं, आपल्या घरी आणलं आणि वाढवलं. आईचा फोटो भिंतीवर होता, साडी कपाटात होती. आवाज मात्र त्या गाण्यात होता आणि त्याला सापडत नव्हता.

कारण दोघी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र गातात. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना एका गळ्याने गायला इतकं घोटून शिकवलं होतं की घरातल्या जुन्या टेपवर बाई एकच आहे असं वाटे. यातली आई कुठली, असं लहानपणी त्याने विचारलं की मावशी म्हणायची, "मला काय विचारतोस? यंत्रातून आला की माझा आवाज मलाच परका वाटतो." एवढं बोलून ती कामाला लागायची. त्याच्या मनाला मात्र ती चुटपुट कायमची लागून राहिली.

मग एकदा मावसभावाने स्टुडिओतली मूळ टेप मिळवली, साफ करून घेतली आणि गाणं पाठवून दिलं. ते डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंनी ध्वनिमुद्रित केलेलं होतं. भूकंपाने हेडफोन लावून पाहिले. दोघी टाळूखाली शिरून एकमेकींना चिकटून बसल्या. त्या डोक्यात शिरायला नको होत्या, समोर उभ्या राहायला हव्या होत्या. त्याने मावशीला विचारलं, गाताना तुम्ही उभ्या कशा होतात?

"मी काचेकडे तोंड करून. काचेपलीकडे तो रेकॉर्डिंगवाला बसलेला. आणि ती माझ्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लावून."

झालं. आता त्याला फक्त डावीकडची बाई हवी होती.

घरात रस्त्याचा कालवा. काचा लावलेली गाडी ही त्याच्या हातातली एकच शांत खोली. सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने स्वतःची जुनी गाडी आत घेतली आणि गाणं लावलं. आयुष्यभर लोकांच्या काचा हलवणाऱ्या या उस्तादाच्या गाडीत दोघी बहिणी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, दाराच्या खालच्या कोपऱ्यात कोंबल्यासारख्या गात होत्या. डिकीतली मोठी स्पीकरची पेटी मागे नुसती घुमत होती. इतकी वर्षं हे आपल्याला ऐकूच आलं नाही याची त्याला लाज वाटली.

त्याने बायकोला बोलावून घेतलं. ती बँकेत कॅशियर. खोटी नोट बोटांनी ओळखणारी बाई. तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून तो म्हणाला, "डोळे मीट. मी माझाच रेकॉर्ड केलेला आवाज लावतो. तो जिथून येतोय असं वाटेल तिथे बोट दाखव."

तिने बोट गुडघ्याकडे दाखवलं. मग छताकडे. मग म्हणाली, "खरं सांगू? तू कुठेच नाहीयेस. सगळीकडून येतोयस आणि कुठेच नाहीस. घरी असतोस तसाच."

टोमणा गिळून त्याने दाराचं आतलं पॅनेल उघडलं. एका दारातल्या स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या होत्या. हा स्पीकर आपला पडदा बाहेर ढकलायचा तेव्हा समोरच्या दारातला आत ओढायचा, आणि मधोमध उभा राहायला हवा तो आवाज दोघांच्या ओढाताणीत विरून जायचा. वायरी त्यानेच जोडल्या होत्या. बायको शेजारीच असल्याने त्याने शिवी मनातल्या मनात दिली आणि त्या सरळ केल्या.

आता आवाजाला ठिकाण आलं, पण ते जवळच्या दारातच. हे तर उघडच होतं. जवळच्या स्पीकरचा आवाज कानाशी आधी पोचतो आणि सगळं गाणं आपल्याकडे ओढून घेतो. त्याने मोजपट्टीने सीटच्या उशीपासून एकेका स्पीकरपर्यंतचं अंतर मोजलं, आणि जवळच्याचा आवाज यंत्रात किंचित थोपवून धरला, लांबच्याला गाठता यावं म्हणून. बायकोचं बोट स्टिअरिंगवर आलं. अजून थोडं थोपवलं, बोट आणखी सरकलं. बारीक सुरांचे छोटे स्पीकर समोरच्या काचेवर आवाज आपटत होते. ते उपटून त्याने काचेच्या दोन्ही कडांच्या खांबांवर वर बसवले आणि माणसांकडे वळवले. डॅशबोर्डच्या गुळगुळीत पाठीवरून आवाज उसळतोय म्हटल्यावर बायकोने अंगावरची शाल काढून तिथे पसरली. आवाज गळू नये म्हणून दारांची भोकं बुजवली. डिकीतली स्पीकरची पेटी, त्याच्या नावलौकिकाची जननी, त्याने एकट्याने उचलून बाहेर ठेवली.

"आता?" त्याने विचारलं.

बायकोने डोळे मिटूनच हात वर केला आणि डॅशबोर्डच्या बरोबर मध्यावर, काचेच्या जरा पलीकडे बोट रोखलं. "इथे. तोंडाच्या उंचीवर. शर्टाचं बटण तुटलेलं आहे तेसुद्धा दिसतंय."

मग डावी बाजू एकटी, उजवी बाजू एकटी वाजवून त्याने खात्री केली, बायकोला उठवलं, स्वतः बसला आणि गाणं लावलं.

दोन बायका बॉनेटवर उभ्या होत्या. दुसरं काय सांगायचं! एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हातभर जागा. डावीकडचा आवाज भरदार, ओळीच्या शेवटी जरा रेंगाळणारा. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला दोन वेगळे गळे ऐकू येत होते, आणि त्यातला एक आईचा होता. तो डावीकडे बघत राहिला. गाणं संपलं की परत लावायचा. गल्लीला कापरं भरवणारा भूकंप शालीच्या टोकाने डोळे पुसत होता आणि हसतही होता. बायको जाऊन मावशीला घेऊन आली.

मावशीने जन्मात कधी गाडी चालवली नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवर ती हात मांडीवर घेऊन, अंग चोरून बसली. "चालू होणार नाही ना रे? मी कशाला हात लावत नाही, तूही लावू नकोस."

"नाही होत. तू फक्त ऐक. डावीकडे आई आहे."

तो शेजारच्या सीटवर बसला. गाणं सुरू झालं, आणि मावशीचे हात आपोआप उठून स्टिअरिंगला घट्ट धरून बसले. पहिलं कडवं ती समोर बघत राहिली. दुसऱ्या कडव्याला तिची मान उजवीकडे वळली आणि ती चक्क रागावली.

"बघ, घेतलाच! ओळ उचलायच्या आधी श्वास घेते, तो ऐकू येतो. मास्तर किती ओरडायचे तिला. घाई, सदा घाई. पोर झाल्यावरसुद्धा गेली नाही."

"मावशी, आई डावीकडे आहे."

"डावीकडे मी आहे."

"तूच म्हणालीस ना, ती तुझ्या डाव्या हाताला होती?"

"माझ्या!" मावशी सीटवर पूर्ण वळली, त्याच्यासमोर तोंड केलं आणि आपला डावा हात लांब केला. "हा माझा डावा. तुझ्या कुठल्या बाजूला आला? आम्ही तोंड करून तुझ्याकडे गातोय, बाळा, पाठ करून नाही."

हात त्याच्या उजव्या बाजूला आला होता. बायको खिडकीबाहेर उभी होती. ती तोंड फिरवून हसू लागली.

मावशी त्याच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. "म्हणजे मघापासून रडत होतास तो माझा आवाज ऐकून?"

"हो," तो म्हणाला. "आईच असेल असं वाटलं. जवळचा वाटला गं आवाज."

मावशीने पदराने आधी स्टिअरिंग पुसलं, मग नाक. मग दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि लहानपणी शाळेला उशीर झाल्यावर धरायची तसा त्याचा दंड धरला.

"ऊठ. तिकडे बस, तुझ्या जागेवर. लाव परत. आणि आता उजवीकडे ऐक, तिच्याकडे. मी काय, घरीच असते."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, काच वर घेतली आणि गाणं लावलं. सुरुवातीची हार्मोनियम वाजून थांबली, आणि उजवीकडे, शालीच्या पलीकडे, त्याच्या आईने घाईघाईने श्वास घेतला.