काचेचे कपाट मिळणेबाबत

विषय : वर्कशॉपच्या फुटबॉल क्लबचा करंडक ठेवण्यासाठी रिसेप्शनमध्ये काचेचे कपाट मिळणेबाबत.
संदर्भ : कॅप्टन डॉमनिक यांचा अर्ज.

नव्वदच्या दशकात, आखातातल्या रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, हा अर्ज मीच टाइप केला. क्लार्ककडे कागदांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कागद निदान फाडता येतात!

करंडक एकच. उम्म अल कुवैनच्या टूर्नामेंटमध्ये फायनलला समोरच्या टीमची मिनीबस वाटेतच तापून बंद पडली. रेफ्री म्हणाला, "खलास, तुम्ही जिंकलात."

वसईच्या डॉमनिकला फुकटचा कप नको होता. त्याने रिकाम्या गोलवर पेनल्टी मारली. बाहेर गेली!

*

कप आयोजकांनी करामा बाजारातल्या दुकानातून आणलेला, त्यावर बॅट उगारलेला क्रिकेटवाला. आमचा मालवणी वेल्डर सावंत, त्याने बॅट कापून टाकली. तेव्हापासून तो पुतळा दोन्ही हात वर करून रेफ्रीकडे दाद मागतोय.

"आता आमचोच प्लेयर दिसता," सावंत म्हणाला.

*

मॅनेजर इंग्रज. त्याच्या गावचा क्लब तिकडच्या लीगमध्येसुद्धा नाही. केबिनमध्ये मात्र फ्रेम केलेला फोटो : एक बडा क्लब त्यांच्या मैदानावर येऊन सहा गोल करून गेला, त्या दिवसाचा!

"सर, पण तुम्ही हरलात ना?" डॉमनिकने विचारलं.

"हरलो. पण ते आले होते!"

डॉमनिक खूश. "हा माणूस कपाट देणार, इन्शाल्ला."

शेरा आला : 'एका कपासाठी कपाट? आणखी काही जिंका.'

*

जिंकलो की! पुढच्या टूर्नामेंटमध्ये सगळ्या मॅच हरून फेअर प्लेची शील्ड. एकही फाउल नाही म्हणून.

"फाउल करूक जवळ तरी पोचाक होया!" सावंत.

नवा शेरा : 'शील्ड भिंतीवर लावावी.'

*

एवढ्यात डॉमनिकची बायको आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर आल्या. फोनवर तो केव्हाच सांगून बसला होता, "कप रिसेप्शनमध्ये आहे, काचेत!"

"सावंत, माझी इज्जत जाणार रे."

"यल्ला, चल."

सावंतने रिसेप्शनच्या भिंतीवरच्या लाल पेटीतला फायर एक्स्टिंग्विशर काढून माझ्या टेबलाखाली सरकवला आणि कप आत ठेवला. काचेवर ठळक अक्षरांत सूचना होतीच : इमर्जन्सीमध्ये काच फोडा.

मुलीने ती वाचली. "डॅडी, व्हॉट इमर्जन्सी?"

डॉमनिक जरा खोकला. "परत जिंकलो तर, बेबी!"

मागे मॅनेजर उभा होता. पेटीकडे बराच वेळ बघून त्याने मला हळूच विचारलं, "यात माझा फोटो मावेल का?"

मी रिटायर झालो तेव्हा एक्स्टिंग्विशर माझ्या टेबलाखालीच होता. अर्ज प्रलंबित आहे.